वाशीच्या गाळ्यातून महापेच्या सर्व्हरवर: मायएसक्यूएलची टेबलं पोस्टग्रेसमध्ये नेताना

ईटीएल टूलमध्ये (एका डेटाबेसमधला डेटा काढून, बदलून दुसऱ्यात भरणाऱ्या साधनात) दोन डबे ठेवले, मधे बाण ओढला आणि रनचं बटण दाबलं की ओळी पळायला लागतात. थोड्या वेळाने दोन्ही डब्यांवर हिरवी खूण येते आणि काम झालं असं वाटतं. त्या हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच, की कुठल्याही डेटाबेसने तक्रार केली नाही. लाल एरर आली तर ती त्याच दिवशी सुटते. खरा त्रास देतात ते न बोलता झालेले बदल: गोल्टी (सगळ्यात लहान) कांदा गोळा (मोठा) होऊन बसतो, १ एप्रिलची पावती ३१ मार्चला जाते, हमालांच्या टोळी क्रमांकाची शून्यं गळतात. हे सगळं ऑडिटच्या वेळी बाहेर येतं आणि तोवर जुना पीसी भंगारात गेलेला असतो.

उदाहरण म्हणून वाशीच्या एपीएमसीतल्या (बाजार समितीतल्या) कांदा-बटाटा मार्केटमधला एक गाळा घेऊ. तिथल्या पीसीवर बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याखाली मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस आहे. या आवृत्तीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला. नवा डेटाबेस, पोस्टग्रेस, महापेच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेल्या लिनक्स सर्व्हरवर आहे. टेबलं चार: व्यापारी, माल, आवक, पावती. आवकमध्ये समजा ३८ लाख ओळी आहेत. टूल घेतलंय अपाची हॉप. ते फुकट आहे आणि पेंटाहो या जुन्या ईटीएल टूलच्या केटलमधूनच फुटून निघालंय. पेंटाहो वापरणाऱ्यांनी फक्त नावं बदलून वाचावं. हॉपमधली पाइपलाइन म्हणजे तिकडचं ट्रान्सफॉर्मेशन, वर्कफ्लो म्हणजे जॉब आणि ट्रान्सफॉर्म म्हणजे स्टेप.

हॉप कुठे बसवायचं

गाळ्यावरच्या ब्रॉडबँडला बहुधा स्थिर आयपी नसतो, आणि असला तरी मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट बाहेर उघडणं म्हणजे शटर उघडं टाकून जेवायला जाणं. म्हणून डेटा ओढायचा नाही, गाळ्याच्या बाजूने ढकलायचा. हॉप गाळ्याच्या लॅनवर ठेवा. तिथून महापेच्या सर्व्हरपर्यंत एसएसएच टनेल (बाहेरच्याला न वाचता येणारी बंद वाट) टाका आणि पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट फक्त त्या टनेलमधूनच पोचेल असा ठेवा.

हॉपच्या नव्या आवृत्तींना ६४ बिटचं जावा १७ लागतं. बिलिंगचा पीसी चार जीबी रॅमचा असेल तर हॉप त्याच्यावर लादू नका, त्याच स्विचला एक दुसरं मशीन जोडा. बिल छापताना पीसी अडखळला की पहिला दोष तुमच्यावर येतो आणि पुढची परवानगी मिळत नाही.

पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर (हॉपला डेटाबेसशी जोडणारा दुवा) हॉपसोबत येतो. मायएसक्यूएलचा लायसन्सच्या कारणाने येत नाही. कनेक्टर-जे या मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरची जार फाइल उतरवून हॉपच्या लिब फोल्डरमधल्या जेडीबीसी फोल्डरमध्ये टाका आणि हॉप बंद करून पुन्हा उघडा. जार टाकली पण हॉप चालूच राहिलं, तर ‘ड्रायव्हर क्लास सापडत नाही’ असंच येत राहतं आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. एकाच ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्या तिथे ठेवू नका. कोणती उचलली जाईल हे सांगता येत नाही.

मायएसक्यूएलसाठी नवा युजर करा आणि त्याला फक्त सिलेक्टचा, म्हणजे वाचण्याचा हक्क द्या. मूळ डेटा चुकून मिटण्याची भीती या एका गोष्टीने संपते. हॉप पासवर्ड साठवताना ‘एन्क्रिप्टेड’ असं लिहितं खरं, पण मुळात ते तोंडावर ओढलेलं फडकं आहे, कुणीही उलटवू शकतं. पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या आणि प्रोजेक्टचं फोल्डर गिटवर टाकण्याआधी त्यात कुठे पासवर्ड राहिलाय का ते एकदा शोधून बघा.

टेबलं हाताने बनवा

टेबल आउटपुट या, टेबलात ओळी लिहिणाऱ्या डब्याच्या खिडकीत एसक्यूएलचं एक बटण असतं. ते दाबलं की हॉप स्वतः टेबल बनवायची आज्ञा लिहून देतं. सुरुवातीचा कच्चा खर्डा म्हणून ते ठीक आहे. पण त्यात फॉरेन की (एका टेबलातली ओळ दुसऱ्यातल्या ओळीशी बांधणारा नियम) नसते, इंडेक्स नसतात आणि प्रकार हॉपला जसे दिसले तसे असतात. मूळ टेबलाची व्याख्या मायएसक्यूएलच्या ‘शो क्रिएट टेबल’ने काढा आणि एकेक कॉलम डोळ्यांखालून घाला.

अनसाइन्ड इंट (उणे न होणारा पूर्णांक) असेल तर पोस्टग्रेसमध्ये बिगइंट घ्या. मायएसक्यूएलचा अनसाइन्ड इंट ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो, पोस्टग्रेसचा साधा इंटीजर २,१४,७४,८३,६४७ लाच थांबतो. रुपये आणि वजन न्यूमेरिकमध्येच (नेमका दशांश) ठेवा, फ्लोटमध्ये (अंदाजे दशांश) नको. हॉपच्या आतसुद्धा ‘नंबर’ हा प्रकार म्हणजे डबल, फ्लोटचाच भाऊ असतो. त्यामुळे अडत, तोलाई, हमालीची बेरीज पाइपलाइनमध्ये करायची असेल तर आधी सिलेक्ट व्हॅल्यूज या, कॉलम निवडणाऱ्या आणि प्रकार बदलणाऱ्या डब्याच्या मेटाडेटा टॅबमध्ये तो कॉलम ‘बिगनंबर’ करा. नाहीतर पैशापैशाचा फरक पडतो आणि तो शोधायला दोन दिवस जातात.

माथाडी टोळीचा क्रमांक, पिन कोड, मोबाइल हे आकडे दिसतात, पण आकडे नाहीत. ज्याची बेरीज कधीच करणार नाही, तो मजकूर. टोळी ‘०१२’ इंटीजरमध्ये गेली की १२ होते, आणि जुन्या छापील पावतीशी ती कधीच जुळत नाही.

आता टायनीइंट, म्हणजे छोटा पूर्णांक. कनेक्टर-जे हा ड्रायव्हर टायनीइंट-१ असा जाहीर केलेला कॉलम मुळातच बूलियन (हो-नाही) समजतो. आवक टेबलात ‘प्रत’ नावाचा तसा कॉलम आहे असं धरा: १ म्हणजे गोळा, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे गोल्टी. ड्रायव्हरच्या नजरेत तिन्ही ‘खरं’. हॉपमध्ये ते ‘वाय’ दिसतं आणि पुढे इंटीजरमध्ये बदललं की सगळं १ होतं. म्हणजे वर्षभराचा सगळा कांदा गोळा! ओळी तेवढ्याच, वजन तेवढंच, एरर एकही नाही. उपाय सोपा आहे. मायएसक्यूएल कनेक्शनच्या ऑप्शन्स टॅबमध्ये ‘टायनीइंट-वन-इज-बिट’ हा पर्याय ‘फॉल्स’ करा. मग खरोखर हो-नाही असलेले कॉलम तेवढे स्वतः बूलियनमध्ये बदला.

पहिली पाइपलाइन

सगळ्यात लहान टेबलापासून सुरू करा, म्हणजे ‘माल’पासून. टेबल इनपुट हा वाचणारा डबा ठेवा आणि त्यात सिलेक्ट लिहा. तारा (सगळे कॉलम मागवणारं * चिन्ह) वापरू नका, कॉलमची नावं लिहा. पुढेमागे बिलिंगवाल्याने एक कॉलम वाढवला तरी तुमची पाइपलाइन मोडायला नको. त्यापुढे सिलेक्ट व्हॅल्यूज, त्यापुढे टेबल आउटपुट. टेबल आउटपुटमध्ये ‘स्पेसिफाय डेटाबेस फील्ड्स’ला टिक करा आणि कुठला कॉलम कुठे जातो ते स्वतः जोडा. ‘ट्रंकेट टेबल’ला (भरण्याआधी टेबल रिकामं करणं) टिक असू द्या, म्हणजे दहा वेळा चालवलं तरी ओळी दुप्पट होणार नाहीत. मात्र टेबल आउटपुटच्या दोन प्रती समांतर चालवायच्या असतील तर हे टिक काढा. एक प्रत भरायला लागते आणि दुसरी तेच टेबल रिकामं करते. अशा वेळी रिकामं करायचं काम वर्कफ्लोमध्ये वेगळं आधी ठेवावं.

इथे एक गैरसमज फार जणांचा होतो. पाइपलाइनमधले सगळे डबे एकाच वेळी सुरू होतात. डावीकडून उजवीकडे काढलंय म्हणून आधी डावं पूर्ण होऊन मग उजवं, असं काही नसतं. एकाच पाइपलाइनमध्ये वरती ‘व्यापारी’ आणि खाली ‘आवक’ ठेवलं तर दोन्ही बरोबरच भरायला लागतात, आणि ज्या व्यापाऱ्याची ओळ अजून पोचलीच नाही त्याची आवक फॉरेन कीवर आपटते. क्रम पाहिजे तर तो वर्कफ्लोमध्ये लावा: व्यापारी, माल, मग आवक, मग पावती, आणि प्रत्येकाची वेगळी पाइपलाइन.

व्हेरिएबललाही हाच नियम लागू आहे. ‘सेट व्हेरिएबल्स’ने ठेवलेली किंमत त्याच पाइपलाइनमध्ये वापरता येत नाही, पुढच्या पाइपलाइनमध्ये येते. आणि टेबल इनपुटमध्ये ‘रिप्लेस व्हेरिएबल्स’ला टिक नसेल तर व्हेरिएबलचं नाव जसंच्या तसं डेटाबेसकडे जातं आणि सिंटॅक्स एरर येते.

जुन्या मायएसक्यूएलमध्ये टेबलं मायआयसॅम इंजिनवर असण्याची दाट शक्यता असते. ते इंजिन फॉरेन की पाळतच नाही. त्यामुळे ज्यांचा व्यापारी कधीच खोडून टाकलाय अशा पावत्या निघणारच. पोस्टग्रेसमध्ये न्यायच्या आधी लेफ्ट जॉइन करून त्या मोजा. खोडू मात्र नका, तो कुणाच्या तरी पैशाचा हिशेब आहे. व्यापारी टेबलात ‘अज्ञात’ नावाची एक ओळ शून्य आयडीने टाका आणि या पावत्या तिला जोडा. जुना आयडी वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा.

मायएसक्यूएलमध्ये तुलना साधारणपणे मोठी-छोटी रोमन अक्षरं एकच मानते, आणि जुन्या कोलेशनमध्ये (मजकुराच्या तुलनेच्या नियमांत) शेवटची रिकामी जागाही सोडून देते. पोस्टग्रेस दोन्ही पाळतं. मालाचा कोड एका टेबलात मोठ्या अक्षरात आणि दुसऱ्यात छोट्या अक्षरात असेल तर मायएसक्यूएलमध्ये वर्षानुवर्षं जुळत आलेली जोडी इथे तुटते. कोडचे कॉलम सिलेक्टमध्येच ट्रिम आणि अप्पर करून आणावेत.

मराठी मजकूर

या कामातला सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि परदेशी मार्गदर्शिकांमध्ये याबद्दल ओळही नसते.

जुनं सॉफ्टवेअर मायएसक्यूएलशी लॅटिन-१ (रोमन अक्षरांपुरती जुनी पद्धत) म्हणून जोडलेलं असतं, पण पाठवत असतं यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत). जाताना चूक आणि येताना तीच चूक उलटी, त्यामुळे त्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर ‘ठाणे’ व्यवस्थित दिसतं. हॉपने तेच टेबल नीट जोडणी करून वाचलं की पडद्यावर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा कचरा येतो. मग लोक पोस्टग्रेसची सेटिंग बदलत बसतात. दोष तिथे नसतोच.

निदान एका मिनिटाचं आहे. ‘ठाणे’ हा शब्द असलेल्या ओळीवर कॅरेक्टर-लेंग्थ (अक्षरांची संख्या) काढा. ठ, काना, ण, मात्रा: उत्तर ४ आलं तर डेटा धड आहे. १२ आलं तर प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजला गेलाय. त्यानंतर हेक्स (साठवलेले बाइट) काढा. धड ‘ठ’ तीन बाइटचा असतो: ई-शून्य, ए-चार, ए-शून्य. दोनदा एन्कोड झालेला ‘ठ’ सहा बाइटचा होतो: सी-तीन ए-शून्य, सी-दोन ए-चार, सी-दोन ए-शून्य. अख्खा ‘ठाणे’ १२ बाइटऐवजी २५ बाइट खातो. विषम आकडा येतो कारण मात्रेचा शेवटचा बाइट विंडोजच्या कोडपेजमध्ये एका कट्यारीच्या चिन्हावर पडतो आणि त्याला एकट्याला तीन बाइट लागतात.

दुरुस्ती टेबल इनपुटच्या सिलेक्टमध्येच करा. कॉलमच लॅटिन-१ असेल तर आधी कास्ट करून बायनरी, मग कन्व्हर्ट यूझिंग यूटीएफ-८-एमबी-४. कॉलम यूटीएफ-८ असून आत दोनदा एन्कोड झालेलं असेल तर आधी कन्व्हर्ट यूझिंग लॅटिन-१, मग बायनरी, मग पुन्हा यूटीएफ-८-एमबी-४. हे सरसकट सगळ्या ओळींना लावू नका. मधेच कधीतरी सॉफ्टवेअर अपडेट झालेलं असतं आणि त्यानंतरच्या ओळी नीट असतात. धड ओळींवर ही शस्त्रक्रिया केली तर त्यांचे प्रश्नचिन्ह होतात. आयडीच्या क्रमाने बघत तो सांधा शोधा आणि केस-व्हेनने दोन्ही भाग वेगळे हाताळा.

डेटा त्याहून जुना, म्हणजे फॉक्सप्रो किंवा अ‍ॅक्सेसमधून आलेला असेल तर तो युनिकोडच नसतो. श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांच्या काळात मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असत, आणि फॉन्ट लावला की ती मराठी दिसत. कुठल्याही एन्कोडिंगच्या सेटिंगने हा मजकूर बरा होत नाही. त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वेगळा चालवावा लागतो. एकाच टेबलात दोन फॉन्टांचा मजकूर मिसळलेला असेल तर आधी ओळी वेगळ्या करा.

लांबीचा हिशेबही करून घ्या. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘नवी मुंबई’ म्हणजे मोकळ्या जागेसह ९ चिन्हं आणि २५ बाइट. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस व्हारचार या मजकुराच्या कॉलमची लांबी चिन्हांत मोजतात, त्यामुळे या दोघांत अडचण नाही. पण तेच टेबल पुढे ओरॅकलमध्ये जाणार असेल तर तिथे व्हारचार-२ ची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. २० चा कॉलम ‘नवी मुंबई’ घेत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या व्हारचारऐवजी एन-व्हारचार घ्या, नाहीतर नाव-पत्त्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते.

आणखी एक बारीक खोच. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दोन तऱ्हांनी टंकलेलं असू शकतं. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारा झीरो-विड्थ-जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला दोन वेगळी माणसं वाटतात. युनिकोड नॉर्मलायझेशनने हे दोन्ही एक होत नाहीत, कारण ती वेगळी अक्षरं आहेत. रिप्लेस-इन-स्ट्रिंगने र-हलंत-जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ-हलंत टाका. पण मुळात नावावरून जोडण्या करूच नका, आयडीवरून करा.

पोस्टग्रेस मजकुरात शून्य बाइट घेत नाही. ‘इनव्हॅलिड बाइट सीक्वेन्स’ आणि पुढे शून्य-एक्स-शून्य-शून्य अशी एरर आली तर एन्कोडिंगच्या मागे लागू नका. सिलेक्टमध्ये रिप्लेस लावून तो शून्य बाइट काढून टाका, काम झालं.

तारखा आणि रिकाम्या जागा

मायएसक्यूएलमध्ये ०००० साल, ०० महिना, ०० दिवस अशी तारीख साठवता येत असे. पोस्टग्रेस ती घेत नाही, आणि कनेक्टर-जे ती वाचतानाच एरर देतो. कनेक्शनच्या ऑप्शन्समध्ये ‘झीरो-डेट-टाइम-बिहेवियर’ला ‘कन्व्हर्ट-टू-नल’ द्या (नल म्हणजे किंमतच नसलेली जागा). त्याआधी अशा ओळी मोजा आणि मालकाला विचारा, की तारीख नाही म्हणजे काय: पैसे बाकी, की कुणी भरायचं विसरलं? दोन्हींचं नल झालं की फरक कायमचा गेला.

टाइमझोन याहून वाईट, कारण तो एररच देत नाही. समजा हॉप यूटीसी घड्याळाच्या (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) मशीनवर चालतंय आणि मायएसक्यूएल कनेक्शनमध्ये टाइमझोन आशिया/कोलकाता दिलाय. रात्री बाराची वेळ आदल्या दिवशीची संध्याकाळ साडेसहा होते. वेळ टाकून नुसती तारीख ठेवली की पावती एक दिवस मागे, आणि १ एप्रिलची पावती मागच्या आर्थिक वर्षात. उलट बाजूनेही होतं. इंटरनेटवरून उचललेल्या कनेक्शनच्या ओळीत टाइमझोन यूटीसी लिहिलेला असतो आणि मशीन भारतीय वेळेवर असतं. मग संध्याकाळी साडेसहानंतरच्या नोंदी दुसऱ्या दिवशी जातात. हॉप-ऑप्शन्समध्ये जावाचा यूझर-टाइमझोन आणि ड्रायव्हरचा कनेक्शन-टाइमझोन, दोन्हीकडे आशिया/कोलकाताच लिहा. जन्मतारीख, पावतीची तारीख अशा निव्वळ तारखांसाठी याहून पक्का उपाय म्हणजे डेट-फॉरमॅटने मजकूर करून आणणं आणि पोस्टग्रेसच्या बाजूला तारखेत बदलणं. मजकुराला टाइमझोन नसतो.

रिकामा मजकूर आणि नल हे हॉपला मुळात एकच वाटतात. मायएसक्यूएलमधला रिकामा शेरा पोस्टग्रेसच्या नॉट-नल कॉलमवर आपटला तर कारण हेच. हॉपच्या सेटिंगमधलं ‘एम्प्टी स्ट्रिंग डिफर्स फ्रॉम नल’ हे व्हेरिएबल ‘वाय’ करा आणि हॉप पुन्हा सुरू करा. ओरॅकलला जाणार असाल तर ही खटपट फुकट आहे, तिथे रिकामा मजकूर नलच असतो.

३८ लाख ओळी

लहान टेबलाला काहीही चालतं. मोठ्याला तीन गोष्टी बघा.

पहिली, वाचणं. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर मुळात अख्खा निकाल आधी मेमरीत घेतो. हॉपच्या कनेक्शनमध्ये ‘रिझल्ट स्ट्रीमिंग कर्सर’ला टिक आहे ना बघा, नाहीतर ‘जावा हीप स्पेस’ असं लिहून प्रोसेस मरते.

दुसरी, लिहिणं. टेबल आउटपुटमध्ये ‘यूज बॅच अपडेट’ चालू ठेवा, कमिट साइज (एका दमात पक्क्या करायच्या ओळी) १००० वरून ५००० करा आणि पोस्टग्रेस कनेक्शनच्या ऑप्शन्समध्ये ‘री-राइट-बॅच्ड-इन्सर्ट्स’ला ‘ट्रू’ द्या. बॅचची एकच गैरसोय आहे: एरर आली की कुठल्या ओळीची ते कळत नाही. पोस्टग्रेस ‘करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड’ असं म्हणायला लागलं तर ती खरी एरर नाही. लॉगमध्ये वर सरका, तिच्या आधीची पहिली एरर बघा. ओळ सापडत नसेल तर तेवढ्यापुरतं बॅच बंद करून कमिट १ करा. पहिल्या भरण्याच्या वेळी प्रायमरी की सोडून बाकी इंडेक्स आणि फॉरेन की नंतर बनवा आणि सगळं संपल्यावर अ‍ॅनालाइझ चालवा.

तिसरी, इन्सर्ट-अपडेट या डब्याचा मोह. तो प्रत्येक ओळीसाठी आधी शोधतो आणि मग टाकतो किंवा बदलतो, म्हणजे दोन फेऱ्या. गाळ्यापासून सर्व्हरपर्यंत एका फेरीला १० मिलिसेकंद धरले तरी २ लाख ओळींना ४,००० सेकंद, तासाहून जास्त. त्यात शोधायच्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर बोलायलाच नको. त्याऐवजी सर्व्हरवर एक कच्चं टेबल ठेवा, त्यात टेबल आउटपुटने बॅचमध्ये भरा आणि शेवटी ‘इन्सर्ट… ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ (ओळ नसेल तर टाक, असेल तर बदल) ही एकच आज्ञा सर्व्हरवरच चालवा. ती पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. त्यासाठी मुख्य टेबलाच्या त्या कॉलमवर युनिक इंडेक्स लागतो. आणि कच्च्या टेबलात तोच आयडी दोनदा असेल तर ‘सेकंड टाइम’ अशा शब्दांची एरर येते. आधी डिस्टिंक्ट ऑन वापरून नवीन तेवढी ओळ ठेवा.

रोजची भर

महिनाभर दोन्ही यंत्रणा बरोबर चालणार असतील तर रोज बदललेलं तेवढंच न्यायचं. आवक आणि पावतीत ‘शेवटचा बदल’ असा टाइमस्टॅम्प कॉलम पाहिजे, ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्पसह. नसेल तर बिलिंगवाल्याला सांगून घालून घ्या. आयडीवरून भागवू नका, कारण जुन्या पावतीत भाव दुरुस्त केला तर आयडी तोच राहतो.

पोस्टग्रेसमध्ये ‘भरणा’ नावाचं छोटं टेबल करा: टेबलाचं नाव, कुठपर्यंत नेलं ती वेळ, किती ओळी. वर्कफ्लोची पहिली पाइपलाइन मायएसक्यूएललाच आत्ता किती वाजले विचारते. हॉपच्या मशीनचं घड्याळ वापरू नका, दोन घड्याळांत फरक असतोच. दुसरी पाइपलाइन मागच्या वेळेच्या १० मिनिटं आधीपासून या वेळेपर्यंतच्या ओळी आणते. ती १० मिनिटं उशिरा कमिट झालेल्या नोंदींसाठी आहेत. त्या ओळी दोनदा आल्या तरी ऑन कॉन्फ्लिक्टमुळे बिघडत नाही. ‘भरणा’तली वेळ सगळं यशस्वी झाल्यावर शेवटी बदला, आधी नाही.

खोडलेल्या ओळी या पद्धतीत दिसत नाहीत. आठवड्यातून एकदा दोन्हीकडचे आयडी ‘मर्ज रोज डिफ’मध्ये (इथे ‘रोज’ म्हणजे इंग्रजी rows, ओळी) टाका. तो डबा सारख्या, बदललेल्या, नव्या आणि खोडलेल्या ओळींवर शिक्का मारतो. दोन्ही प्रवाह एकाच क्रमाने लावलेले पाहिजेत, आणि तो क्रम आकडी आयडीचा असावा. मजकुरावर लावला तर दोन डेटाबेसांची बाराखडी वेगळी पडते आणि निम्म्या ओळी खोटंच ‘नव्या’ दिसतात.

वेळ निवडताना ‘रात्री दोनला कुणी नसतं’ हे ऑफिसचं गणित एपीएमसीत लावू नका. तिथे मध्यरात्रीनंतर गाड्या लागायला सुरुवात होते आणि पहाटेपासून बाजार उभा असतो. संध्याकाळी सात ते दहा ही वेळ बरी. विंडोजवर टास्क शेड्युलरमधून हॉप-रन लावा आणि ‘युजर लॉग-इन असो वा नसो’ हा पर्याय निवडा, नाहीतर शटर ओढताना कुणी लॉग-ऑफ केलं की त्या दिवशीचा भरणा नाही. हॉप-रन शून्याखेरीज काही परत करत असेल तर लगेच मेल किंवा मेसेज जाईल अशी सोय करा.

ताळा

ओळींची संख्या जुळणं ही फक्त सुरुवात. दोन्हीकडे तोच सारांश काढा: ओळी, वजनाची बेरीज, रकमेची बेरीज, सर्वांत जुनी आणि नवी तारीख, प्रत्येक कॉलममधले नल किती, आणि ‘प्रत’सारख्या कॉलमची किंमतवार मोजणी. प्रतवार मोजणीत एकच ओळ आली की टायनीइंट पकडला गेला. महिनावार बेरीज काढा आणि वारवारही. बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीच्या वारी पावत्यांचा ढीग दिसला तर टाइमझोन सरकलाय, दुसरं काही शोधू नका. रेट किलोचा की दहा किलोंचा हेही इथेच बघा. जुन्या कॉलमच्या नावात ते लिहिलेलं नसतं आणि नवीन रिपोर्ट क्विंटल धरून बसलेला असतो.

शेवटी २० पावत्या कागदावरच्या घ्या आणि नव्या डेटाबेसमधून काढून समोरासमोर ठेवा. वीसपैकी पाच मार्च-एप्रिलच्या, पाच जोडाक्षरी नावांच्या, आणि काही सर्वांत जुन्या असाव्यात. मेहताजींना (गाळ्याच्या हिशेबनिसांना) बसवा. आकड्यांत त्यांना जे दोन मिनिटांत खुपतं ते क्वेरीला सुचत नाही.

नवी यंत्रणा सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी बिलिंग बंद करून शेवटचा भरणा चालवा. त्यानंतर पोस्टग्रेसचे सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारे मोजक) पुढे सरकवायला विसरू नका. आयडी आपण स्वतः भरलेत, त्यामुळे सीक्वेन्स अजून १ वरच बसलेला असतो आणि पहाटेची पहिलीच पावती ‘डुप्लिकेट की’ म्हणून परत येते. प्रत्येक टेबलासाठी सेट-व्हॅलने तो सर्वांत मोठ्या आयडीवर न्या. एसक्यूएल सर्व्हरला जाणाऱ्यांना भरताना आयडेंटिटी-इन्सर्ट चालू करावं लागतं, आणि ते एका सेशनमध्ये एकाच टेबलाला चालतं. मग एक खोटी पावती करून बघा, रद्द करा आणि जुन्या पीसीवरचा मायएसक्यूएल फक्त वाचण्यापुरता ठेवून निदान एक आर्थिक वर्ष तसाच राहू द्या.